सदाराम मिस्त्रींचं घर लिलावात निघालं

सदाराम मिस्त्री माणसाची खुशाली विचारत नसत, घराची विचारत. सकाळी दूध आणायला निघाले की आमच्या फाटकाशी थांबायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "काय म्हनते बाई, घर बरं हाय ना?" मी तापानं फणफणलेली असेन, आमच्या ह्यांची कंबर धरलेली असेल, मिस्त्रींना त्याचं काही सोयरसुतक नाही. घर बरं आहे म्हटलं की त्यांचा चेहरा खुलायचा. मग फाटकाच्या खांबावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचं, कान लावायचा, मान डोलवायची आणि पुढं व्हायचं. एकदा मी वैतागून म्हटलंसुद्धा, "मिस्त्री, मी मेले तर तुम्ही आधी भिंतीला विचाराल का हो, बाई कशानं गेली म्हणून?"

तर म्हणाले, "विचारीन ना. भित खोटं नाई बोलत. मानूस बोलते."

आमचं लेआउट भंडाऱ्याच्या अगदी कडेला. पूर्वी इथं धानाच्या बांध्या होत्या, आता दोन ओळी घरं, एक किराणा दुकान आणि रिकाम्या प्लॉटांवर बसलेल्या म्हशी आहेत. त्यातली निम्मी घरं सदाराम मिस्त्रींच्या हातची. आमचंही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. एवढी वर्षं पोरांवर ओरडून माझा आवाज जो वर चढला तो निवृत्तीनंतरही खाली उतरला नाही, त्यामुळे मी प्रेमानं बोलले तरी लोकांना भांडण वाटतं. मिस्त्रींशी मात्र मी खरंच भांडायची. जितकी त्यांच्याशी भांडले तितकी नवऱ्याशीही नाही भांडले.

पहिलं भांडण आमचं घर बांधतानाच झालं. संध्याकाळी स्वयंपाकघराची भिंत छातीपर्यंत आलेली मी स्वतः पाहून गेले होते. सकाळी चहा घेऊन येते तर भिंत जमिनीवर! विटा एका बाजूला रचलेल्या, सिमेंटचा मसाला खरवडलेला, आणि मिस्त्री शांतपणे पहिला थर पुन्हा लावताहेत.

"हे काय केलंत?"

"पाडली. एक सूत बाहेर होती."

"एक सूत म्हणजे किती?"

त्यांनी अंगठ्याचं नख आणि तर्जनी यांच्यामध्ये जी फट धरली ती मला चष्मा लावूनही दिसेना. मी जी सुटले! सिमेंटचे भाव, मजुरांचे रोज, ह्यांची रजा, सगळं त्यांच्या अंगावर फेकलं. मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुमच्या वर्गात पोरानं सात आन् पाच तेरा लिवले तं तुम्ही चालवून घेता का?"

"नाही चालवत. पण मी पोरगं पाडत नाही!"

यावर ते इतके हसले की हातातली थापी खाली पडली. त्या दिवसाचा रोज त्यांनी घेतला नाही. मजुरांचाही स्वतःच दिला. मला ते महिनाभरानं त्यांच्या बायकोकडून कळलं, आणि मग मला पुन्हा राग आला, कारण आता भांडायला जागाच राहिली नव्हती.

रेतीचंही तसंच. वैनगंगेच्या रेतीचा ट्रक आला की मिस्त्री मूठभर रेती तळहातावर चोळायचे, फुंकायचे, आणि हाताला माती राहिली की ड्रायव्हरला म्हणायचे, "ने बाप्पा, हे तुह्या वावरात टाक, कांदे चांगले येतीन." ट्रक परत. घरमालक डोक्याला हात लावून बसलेला. मोठ्या ठेकेदारांनी त्यांना कामं देणं सोडलं ते यामुळेच. मिस्त्रींना त्याचं वाईट वाटलं नाही. ठेकेदारांबद्दल त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "मसाला कमी, भाषन जास्त."

अंगानं मिस्त्री उंच, काटक, पाठीत जरासे वाकलेले. बायको पंचफुलाबाई त्यांच्या खांद्यालाही लागायच्या नाहीत. पाच फुटांना दोन इंच कमी, पण तोंड असं की मिस्त्रींना मान वर करून ऐकावं लागायचं. दोघं मूळची पवनी तालुक्यातल्या एका खेड्यातली. ते गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. पाणी चढण्याआधी लोकांनी आपापली घरं उतरवली, छपराचे कवेलू काढले, लाकडं काढली, गाड्या भरल्या. मिस्त्रींनी बापाचं घर स्वतःच्या हातानं उतरवलं. त्याबद्दल ते फारसं बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले होते, "मातीचं होतं, पन पडता पडे ना बाई. तीन दिवस लागले."

मोबदल्याच्या पैशात आमच्या शेजारचा प्लॉट घेतला. घर मात्र चार वर्षं बांधत होते. सहा दिवस लोकांची घरं, रविवारी आपलं. पंचफुलाबाई विटा द्यायच्या, पाणी मारायच्या आणि बोलायच्या. "लोकायच्या घराचे सज्जे झाले, माही चूल अजून टिनाखाली!" मिस्त्री वरून म्हणायचे, "दमानं घे. तुह्या घराले घाई केली तं नाव कोनाचं जाईन?"

एका रविवारी मी कपडे वाळत घालत होते. पाहते तर मिस्त्रींनी बायकोला उघड्या जोत्यावर उभं केलंय आणि फूटपट्टीनं मोजताहेत. कोपर वाकवून जमिनीपासून कोपरापर्यंत. हात वर करून बोटापर्यंत. मग बसवून गुडघ्यापर्यंत. पंचफुलाबाई लाजून लाल झालेल्या. "काय करून राहिले जी! शेजारची बाई पाहून राहिली ना!" शिंप्यानं झंपराचं माप घ्यावं तसं या माणसानं घराचं माप घेतलं. ओटा तिच्या कोपराखाली चार बोटं, फळ्या तिचा हात पोचेल तिथं, दाराची पायरी तिच्या गुडघ्याला सोसेल एवढी. विजेची बटणंसुद्धा खाली. पाहुणे यायचे आणि छातीच्या उंचीवर बटण शोधत राहायचे. पंचफुलाबाई मिजाशीत सांगायच्या, "खाली पाहा. आमच्याइथं सगळं खाली हाये."

स्लॅब टाकायला पैसे कमी पडले तेव्हा एका फायनान्स कंपनीचं कर्ज काढलं. घरभरणीला बुद्धवंदना झाली, साऱ्या लेआउटला खीर मिळाली. पुढची चार वर्षं हप्ता चुकला नाही. हप्ता कटल्याचा मेसेज आला की मिस्त्री फोन घेऊन माझ्याकडे यायचे, मी वाचून दाखवायचा, ते मान डोलवायचे. त्यांना स्वतःला वाचता येत होतं. माझ्या तोंडून ऐकायला आवडायचं, बस.

मग ते पडले. दुसऱ्या कुणाच्या कामावर गेले होते, परांची दुसऱ्याच कुणी बांधलेली. बांबू सुटला आणि मिस्त्री पहिल्या मजल्यावरून खाली आले. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात भेटायला गेले तर मलाच सांगतात, "गाठ ढिली होती. मले चढतानाच दिसली. म्हनलं जाऊ दे, लोकायचं काम हाये, काहून बोला? तिथंच चुकलं." दीड वर्ष काम बंद.

त्या दीड वर्षात ते घर कसं बदललं हे मी भिंतीपलीकडून पाहिलंय. आधी पंचफुलाबाईंच्या गळ्यातली पोत गेली. "डोरलं ढिलं झालं, सोनाराकडं दिलं," म्हणाल्या. सहा महिने ते सोनाराकडंच होतं. मग हप्ते थकले आणि कंपनीचे फोन सुरू झाले. दिवसाला सात, आठ, दहा. पंचफुलाबाईंनी उपाय काढला: फोन तांदळाच्या कोठीत खुपसून ठेवायचा. घरात बसलं की तांदळातून गुंइंइं गुंइंइं असा आवाज यायचा आणि आम्ही दोघी काही ऐकू न आल्यासारखं पालेभाजी निवडत बसायचो. एकदा मला हसू फुटलं. मग त्यांनाही. हसता हसता म्हणाल्या, "बाई, मले आता घंटी नाई वाजली तरी वाजल्यावानी वाटते." बचतगटात जाणं त्यांनी सोडलं. लग्नाकार्याला जाणं सोडलं. आणि मिस्त्री काठी टेकत आमच्या फाटकावरून जायचे ते खाली मान घालून. घर कसं आहे हे त्यांनी विचारलं नाही. किती दिवस मला वाटायचं काहीतरी चुकतंय, सकाळ नीट सुरूच होत नाही, आणि काय चुकतंय ते कळायला मला आठवडा लागला.

नोटीस चिकटवायला दोघं आले ते भर दुपारी. एक कंपनीचा अधिकारी, तिशीतला, घामाघूम, कॉलर काळी पडलेली. दुसरा डिंकाची बाटली आणि फोन घेऊन फोटो काढणारा. घराचा ताबा कंपनीनं घेतला आहे, कुणी व्यवहार करू नये, असा तो कागद. म्हणजे घर लगेच सोडायचं नाही, पण कागदावर ते गेलं. मी चष्मा लावून वाचायला धावले. पंचफुलाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या. मिस्त्री खाटेवरून उठले, काठी घेतली, भिंतीसमोर आले आणि डोळे बारीक करून पाहत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस रडणार किंवा काठी उगारणार.

"साहेब," मिस्त्री म्हणाले, "वाकडं लागलं."

"काय?"

"कागद. डाव्या अंगानं खाली आला."

अधिकारी म्हणाला, चालतंय काका, फोटो झाला. पण मिस्त्री आत गेले, लेव्हल घेऊन आले. पिवळी, बुडबुड्याची. कागदाच्या वरच्या कडेला धरली. बुडबुडा एका कोपऱ्यात. "पाहा." मग त्यांनी ओल्या डिंकावरून तो कागद अलगद सोडवला, स्वतःच्या घराच्या जप्तीचा, पुन्हा लावला, बुडबुडा मध्यात आणला आणि हातानं सपाट केला. "उद्या चार लोक वाचतीन. सदारामच्या भितीवर कागद वाकडा म्हनतीन." फोटोवाल्याला म्हणाले, "हान आता फोटो."

पंचफुलाबाईंनी पदर तोंडात कोंबला होता. हसत होत्या. मग रडत होत्या. मला ते मधलं कुठलं, कळलंच नाही. तो अधिकारी ओशाळून पाणी मागू लागला. मिस्त्रींनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तुमचं घर हाय का, साहेब?"

"नाही काका. किरायानं राहतो."

"असं," मिस्त्री म्हणाले. "ओल येते का तिथं?"

येते, म्हणाला. मग दहा मिनिटं त्याच्या किरायाच्या खोलीतल्या ओलीवर उपाय सांगण्यात गेली. मी कपाळावर हात मारून घरी आले.

पुढं लिलावाची जाहिरात पेपरात आली. नाव, गाव, प्लॉट, चतुःसीमा. चतुःसीमेत पूर्वेला आमच्या ह्यांचं नाव छापलेलं! मी भडकले. आमचा काय संबंध? हे म्हणाले, "अगं, शेजारी आहोत." मिस्त्री पेपर घेऊन आले. "बाई, आयुष्यात पयल्यांदा पेपरात नाव आलं. आन् ह्या जाहिरातीचे पैसेही माह्याच नावावर लागतीन म्हनते साहेब. वकिलाचे माह्याकडून, नोटिशीचे माह्याकडून. एवढे पैसे देऊन तं लोक निवडनुकीले उभे राहतात." हसले. पण पेपराची घडी त्यांना नीट घालता येत नव्हती.

तरी आशा होती, आणि ती खरी होती. पंचफुलाबाईंच्या माहेरी, करडीला, भावानं वडिलांची जमीन विकायला काढली होती. बहिणीचा हिस्सा तो देणार होता. व्यवहार ठरलेला, फक्त दोन-तीन महिने लागणार. तो अधिकारीच हळूच बोलून गेला होता, की लिलावाला कुणी आलंच नाही तर कंपनी पुन्हा जाहिरात काढेपर्यंत तेवढे महिने सहज जातात, तोवर रक्कम भरलीत तर तडजोड होईल. म्हणजे गोष्ट सोपी होती. या वेळी घर कुणी घ्यायला नको. बस, एवढंच.

लिलावाआधी घर पाहायला एक दिवस ठेवलेला असतो. त्या दिवशी येणाऱ्यांना घर आवडू द्यायचं नाही, हे मी ठरवलं. माझीच कल्पना, दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. आदल्या दिवशी मिस्त्रींना आमच्या ओसरीवर बसवलं आणि तीन दोष पाठ करून घेतले.

"पहिला?"

"भितीले ओल."

"दुसरा?"

"स्लॅब गळते." हे म्हणताना त्यांनी तोंड असं केलं की जणू कडू काढा घेतला.

"तिसरा?"

मिस्त्री काठीच्या टोकानं फरशीची सांध चाचपू लागले.

"मिस्त्री, तिसरा!"

"बोअर आटते. पन बाई, बोअर तं आटत नाई."

"अहो, म्हणूनच त्याला खोटं म्हणतात!"

पंचफुलाबाई शेजारी बसून म्हणाल्या, "बाई, छडी आना." पुन्हा पुन्हा घोकून घेतलं. शेवटी आले तिन्ही, अडखळत, पण आले. पंचफुलाबाईंनी त्यांचा हात धरला आणि एकदम हळू आवाजात म्हटलं, "एकच दिवस जी. माह्यासाठी." मिस्त्रींनी मान हलवली.

माझा त्यांच्यावर भरवसा नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपाउंडवरून त्यांच्या मागच्या भिंतीवर दोन बादल्या पाणी ओतलं. भिंत छान काळवंडली. मनात म्हटलं, तोंडानं नाही तर डोळ्यांनी तरी दिसेल.

आधी दोघं आले, बाहेरूनच पाहून गेले. उन्हानं भिंत वाळू लागली तशी मी आणखी एक बादली ओतली. बाराच्या सुमारास तुमसरचे एक धानाचे व्यापारी आले, बायकोसह. शेठ रंगानं गोरे, अंगानं गुबगुबीत, स्वभावानं चांगले असावेत. चपला दाराबाहेर काढल्या, पंचफुलाबाईंना नमस्कार केला. सोबत तो अधिकारी. मी आमच्या अंगणात दोरीवरच्या साडीआड उभी.

मिस्त्रींनी सुरुवात केली. पहिलीतलं पोर कविता म्हणतं तशी. "भितीले... ओल... हाये जी."

शेठ मागच्या भिंतीशी आले, तळवा लावला. "हो ना. चांगलीच ओल आहे." मी साडीआड हात जोडले. शेठनं बायकोकडे पाहून मान हलवली. झालं, गेलेच होते ते. फाटकाकडे वळले होते. आणि वळता वळता म्हणाले, "कोन्या गाढवानं बांधलं हे घर?"

पंचफुलाबाईंनी दाराआडून डोळे मोठे केले. मिस्त्री गप्प राहिले. खरंच राहिले, मी साक्षीला आहे. तेवढ्यात शेठाणी म्हणाल्या, "मसाला कच्चा असंल. असली भिंत दोन पावसाळ्यात फुगते."

"फुगते?" मिस्त्री म्हणाले.

ते भिंतीकडे गेले. काठी टाकली. खाली वाकून पायथ्याशी बोट फिरवलं, हुंगलं. मग वर पाहिलं. "शेठ, इकडं या. ओल खालून चढते. हे पानी वरतून उतरलं. पायथा कोरडा हाये, पाहा. ही ओल नोहे. हे बादलीनं टाकलं हाये." आणि थेट आमच्या साडीकडे पाहून, "बाई, बादली तुमची का?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. बादली अजून माझ्या पायाशीच होती.

पुढचा तासभर तो माणूस कुणाला आवरला नाही. खिळा आणून म्हणाले, ठोका इथं. शेठनं ठोकला, खिळा वाकला. न्हाणीत तांब्याभर पाणी ओतलं, पाणी सरळ मोरीत. "एक थेंब मागं राहिला तं सांगा." मग शेठना स्लॅबवर चढवलं. "आता नाचा जी."

"काय?"

"नाचा. गळते का, हालते का, तुम्हीच पाहा. तुमच्या वजनाचं मले भेव नाई." आणि तो गुबगुबीत माणूस खरंच दोन-चार उड्या मारू लागला, भंडाऱ्याच्या उन्हात, धाप लागेपर्यंत! अधिकारी खाली उभा राहून तोंड झाकून हसत होता. मी कपाळ बडवत होते, आणि खोटं कशाला बोलू, हसतही होते. दीड वर्षांत मिस्त्रींचा आवाज असा लागला नव्हता. त्यांच्या पायाचं लंगडणंसुद्धा दिसत नव्हतं.

मग सगळे स्वयंपाकघरात आले. शेठाणी ओट्याशी उभ्या राहिल्या, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "बाकी घर एक नंबर आहे. हा ओटा तेवढा फार खाली झाला. फोडावा लागेल."

"हौ," मिस्त्री म्हणाले. "तो हिच्या मापाचा हाये."

एवढं म्हणून ते वळले. पंचफुलाबाईंकडे पाहिलं. तेव्हा कुठं त्यांना कळलं आपण तासभर काय करत होतो. अंगणात येऊन पाण्याच्या टाकीला टेकून बसले. मग शेठनी बोअरचं विचारलं तर म्हणाले, "आटते." कुणी ऐकलंही नाही. बोअर चालू करून बघितलं, पाणी धो धो आलं.

घर लिलावात शेठनीच घेतलं. नाचलेला माणूस मागं कसा हटेल?

पंचफुलाबाई त्या दिवशी जे बोलल्या ते सगळ्या लेआउटनं ऐकलं. "घराले वाईट म्हनलं असतं तं जीभ झडली असती का तुमची? एक दिवस मागतला होता! चांदी नाई मागतली, साडी नाई मागतली. एक खोटं मागतलं!" मिस्त्री खाली मान घालून उभे. त्यांनी एकदाच म्हटलं, "त्यानं गाढव म्हनलं." पंचफुलाबाई म्हणाल्या, "गाढवच हाव तुम्ही," आणि आठ दिवस बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. मला त्यांचा भयंकर राग आला होता. अजूनही आहे, विचाराल तर. भिंतीबद्दलचा एक शब्द सोसवला नाही आणि बायकोच्या डोक्यावरचं छप्पर घालवलं, याला काय शहाणपण म्हणायचं? पण असंही वाटतं की आमच्या अख्ख्या घराला आजवर एक तडा नाही, तो याच माणसामुळे. या दोन गोष्टी माझ्या मनात कधी एक झाल्या नाहीत.

करडीचे पैसे आले. बरोबर अडीच महिन्यांनी, भावानं सांगितलं होतं तसेच. तोवर घरातलं सामान टेंपोत भरून झालं होतं. सगळे खर्च कापून लिलावातून जे हाती आलं ते आणि भावानं दिलेलं, त्यातून दवाखान्याची उधारी फिटली, गळ्यात बारीकशी पोत आली, उरलेलं पोस्टात ठेवलं. बसस्टँडकडे एक खोली किरायानं घेतली.

वर्षानं शेठनं माडी चढवायची ठरवली आणि बोलावलं कुणाला, तर सदाराम मिस्त्रींना! म्हणाले, खालचं ज्यानं बांधलं त्यानंच वरचं बांधावं. मला वाटलं, मिस्त्री त्याला हाकलून देतील. त्यांनी रोज ठरवला आणि सोमवारपासून येतो म्हणून सांगितलं. पंचफुलाबाई एवढंच म्हणाल्या, "जा. पन तिथं काय काय बदललं, ते मले घरी येऊन सांगू नका." त्या स्वतः आमच्या गल्लीत पुन्हा आल्या नाहीत. मला भेटायला बाजारात यायच्या.

दोन महिने काम चाललं. जिना बाहेरून होता, त्यामुळे मिस्त्री घरात शिरले नाहीत. डबा आमच्या ओसरीवर खायचे. माझ्याशी भांडायचे. माडीची एक भिंत त्यांनी पाडली, एक सूत बाहेर होती म्हणून, आणि शेठनं वर येऊन ओरडा केला तेव्हा मी खालून म्हटलं, "ओरडून उपयोग नाही हो!"

काम संपलं त्या दिवशी दुपारी मी आमच्या गच्चीवर मूगवड्या घालत होते. मिस्त्रींनी हत्यारं पिशवीत भरली होती. शेठाणीनं खिडकीतून हाक मारली, "मिस्त्री, चहा ठेवलाय. आज तरी आत येऊन घ्या." यापुढं मिस्त्री आणि पंचफुलाबाई करडीला राहायला जाणार होते, त्यामुळे मला ते इथं पुन्हा दिसणार नव्हते. मिस्त्री नळावर आले. हात धुतले, पाय धुतले, पंच्यानं कोरडे केले. चपला पायरीखाली काढून ठेवल्या, दोन्ही नीट जोडून. दार उघडंच होतं. ते उंबऱ्याच्या अलीकडे थांबले.

"येऊ का जी?"

आत मिक्सर चालू होता. कुणाला ऐकू गेलं नाही. मला वरून ओरडावंसं वाटलं, जा ना हो आत, कुणाची वाट बघता. माझा एवढा मोठा आवाज, पण मी हातातली वडी घालत राहिले. मिस्त्री तसेच उभे राहिले. मिक्सर थांबायची वाट पाहिली. थांबला तेव्हा त्यांनी सदऱ्यावरचं सिमेंट झटकलं आणि पुन्हा, जरा मोठ्यानं विचारलं, "आत येऊ का जी?"